मधला धोंड्याचा महिना

“आठव्यातलं पोर जगत न्हाय. कशाला गाडी जुंपतोस?” सासूबाई आमच्या मालकांना म्हणाल्या. मी कळा सोसत भिंत धरून उभी होते आणि त्यांनी पोराची आशा सोडलीसुद्धा.

परवा सुनेनं अधिक महिन्याचे धोंडे तळले, त्या वासानं हे आठवलं. तेव्हा दिवस मराठी महिन्यांवर धरत.

मालक एकदम म्हणाले, “आये, मधी धोंड्याचा महिना गेला की! सासुरवाडीला जेवून आलो न्हवं मी!”

सासूबाईंनी अधिक महिना धरलाच नव्हता. “आगं बया, म्हंजी नववा भरला! बघतूस काय, जुंप गाडी!”

माढ्याच्या दवाखान्याच्या पायरीवरच मुलगी झाली. निळी पडलेली, गप्प. नर्सनं पाठ चोळली, तेव्हा कुठं रडली.

ती जगली. मीही जगले.