मैनेचं वाण

घाटकोपरच्या एका मालवणी खानावळीत मालन अकरा वर्षं वाढायला होती. ताट अर्धं झालं की विचारायची, "भात घालू? थोडी सोलकढी?" गिऱ्हाईक मोबाइलमधून डोकं न काढता हात हलवायचं. म्हणजे नको. किंवा, सरक.

डिसेंबरात मालक दत्तारामने वाढायला रोबो आणला. बाईचा चेहरा, नऊवारी, नथ, निऱ्यांखाली चाकं. नाव ठेवलं मैना. तिच्या तोंडी घरचा आवाज हवा, म्हणून मालनलाच बसवून सगळी वाक्यं बोलून घेतली.

"महिनाभर दोघी वाढा," दत्ताराम म्हणाला. "लोकांना आवडेल ती बाहेर राहील."

मैनेला सगळे थँक्यू म्हणायचे. ती वाटेत अडली की खुर्च्या सरकवायचे. तिने "भात घालू?" विचारलं की पोट भरलेली माणसंही लाजून "घाल थोडा" म्हणायची.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शेजारच्या सोसायटीतल्या बायका हळदीकुंकू उरकून जेवायला आल्या. पुढारी होत्या चेतनावहिनी. पिशवीत वाण उरलं होतं.

"अगं, हिलाही लावूया!"

मैनेला हळदकुंकू लागलं, हातात स्टीलचा डबा आला, फोटो निघाले.

"हिचा नवरा कोण गं?"

"चार्जर!"

मालन ताटं घेऊन मागे उभी होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, कपाळ मोकळं. चेतनावहिनींची नजर तिच्यावर गेली आणि त्यांनी करंडा मिटला.

तेवढ्यात मैना वळली. सोलकढीचा पेला थेट वहिनींच्या साडीवर.

"अगोबाई, दमली बिचारी!" वहिनींनी मैनेचा गाल थोपटला. मग मालनकडे वळल्या. "तू बघत काय उभी राहिलीस? तिला नाही कळत, तुला तरी कळायला नको?"

मालनने फरशी पुसली. जाताना वहिनींनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं : मैना फार गोड. दुसरी बाई घुमी.

दत्तारामने ते दोनदा वाचलं. "उद्यापासून तू आत भांड्यांकडे रव गो," म्हणाला. मैनेच्या हातातला डबा काढून त्याने मालनला दिला. "घे. ती काय करतली त्याचा?"

दुसऱ्या दिवशी मोरीत कढया घासताना भिंतीपलीकडून तिला तिचाच आवाज ऐकू आला, "भात घालू?"

"घाल गं माझी बाई," कुणीतरी म्हणालं.

मालनने डब्याचं झाकण काढलं आणि त्यात भांड्यांची पावडर भरली.