उत्तर माझं, मारणारा वसंता

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वसंताच्या नाकाला लागली आणि गुरुजी ओरडले, "हात काढ. काढ म्हणतो ना."

मी हात काढला. उजवा हात थोबाडीत द्यायला वर गेला होता, तो तसाच वर राहिला. वसंता नाक पुसत माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, मी चुकीचं उत्तर दिलं की काय. मनात परत पाढा म्हणून बघितला. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. बरोबर होतं की.

चौथीचा वर्ग. शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव, दोन खोल्यांची शाळा, दुष्काळाचं साल. तोंडी गणिताला शाळेत एक नेम होता. गुरुजी पहिल्या पोराला प्रश्न विचारायचे. त्याला नाही आलं की तो उभा. मग प्रश्न पुढच्याला. त्यालाही नाही आलं की तोही उभा. ज्याला येईल त्यानं उभ्या असलेल्या सगळ्यांची नाकं एकेक करून धरायची आणि थोबाडीत हाणायची. ज्यानं हाणली तो त्या दिवशीचा हुशार. त्याचं नाव गुरुजी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि शाळा सुटेस्तोवर पुसायचे नाहीत. त्या कोपऱ्यात नाव यावं म्हणून मी शेण गोळा करताना पाढे म्हणायची, पाणी आणताना पाढे म्हणायची. दुसरं काही नको होतं मला. खडूनं लिहिलेलं माझं नाव तेवढं पाहिजे होतं.

मी महारवाड्यातली. चौथीत आमच्यातली मी एकटीच. दाराजवळ, सगळ्यांच्या मागं, माझं वेगळं गोणपाट. तिसरीपर्यंत प्रश्न माझ्यापर्यंत कधी आलाच नाही. आधीचे गुरुजी शहाणे होते, माझ्या अलीकडच्या पोरापाशी थांबायचे आणि उत्तर स्वतःच सांगायचे. हे गुरुजी नवीन, संगमनेराकडचे. यांनी त्या दिवशी प्रश्न वाहू दिला. पहिला उभा, दुसरा उभा, सरपंचाचा वसंता उभा, करत करत सतरा जण उभे. अठरावी मी. मला शेवटाला बसवलं होतं म्हणूनच सगळ्या वर्गाला मारायची पाळी माझ्यावर आली. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गुरुजींच्या पण नाही.

दुपारी वसंताची आई शाळेत आली. डोक्यावर घागर. मागं दोन बाया. तिनं वसंताला अंगणात उभा केला आणि घागर त्याच्या तोंडावर रिती केली. अख्खी घागर. मी दारातून बघत होते. त्या साली गावच्या विहिरीत टँकर ओतायचे आणि आमच्या बाया विहिरीच्या कडेला दोन-दोन तास बसायच्या. कुणाला दया आली तर वरून कळशीभर ओतायचे. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. ते पाणी वसंताच्या सदऱ्यावरून खाली आलं, त्याचा चिखल झाला, वसंता त्या चिखलात नाचायला लागला. त्याला मजा वाटत होती.

वसंताची आई गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, पोरगं शिकाया धाडलंय. बाटवाया न्हाई."

गुरुजींनी मान खाली घातली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी दारातच होते, चार पावलांवर. शिवी दिली असती तरी चाललं असतं. निदान मी तिथं आहे हे तरी तिला दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आणि भित्र्या माणसानं मला आयुष्यात जितका त्रास दिला तितका वाईट माणसानं दिला नाही. म्हणाले, "हे बघ, तू हुशार आहेस. उत्तर तू सांगत जा. मारायचं काम वसंता करील. म्हणजे कुणाचं काही म्हणणं नाही."

मी म्हणाले, "बरं."

बरं म्हणाले. दहा वर्षांची होते, काय म्हणणार होते? पण त्या "बरं"चा मला आजही राग येतो. गुरुजींच्या रागापेक्षा जास्त येतो.

मग ते सुरू झालं. प्रश्न रांगेतून फिरत यायचा. वसंताला यायचं नाही, तो उभा राहायचा. मी उत्तर सांगायची. मी सांगितलं की वसंता बाह्या सारून रांगेतून बाहेर यायचा आणि बाकीच्या सोळा जणांना हाणायचा. ज्याचं नाक सगळ्यांत आधी धरायला पाहिजे तोच मारत सुटायचा. हाताला जोर पण असा, की पोरांच्या डोळ्यांत टचकन पाणी. आणि जो मारील तो हुशार हा नेम तर होताच. गुरुजी खडू घ्यायचे आणि कोपऱ्यात लिहायचे, वसंत. रोज. पंधरा-वीस दिवस त्या कोपऱ्यात दुसरं नाव आलं नाही. एकदा मी गुरुजींना विचारलं, "माझं नाव?" ते म्हणाले, "अगं, तुला माहितीये ना तू हुशार आहेस? मग झालं तर."

मार खाल्लेली पोरं शाळा सुटल्यावर मला गाठायची. वसंताला नाही, मला. ओढ्यापर्यंत ढेकळं मारत यायची. "तुज्यामुळं आमाला मार बसतो," म्हणायची. मारणारा वसंता त्यांच्यात मिसळून तोही ढेकळं मारायचा. आता काय म्हणावं याला?

एक ढेकूळ कानाच्या मागं लागलं तेव्हा आईला कळलं. आई तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी आली, डोक्याचं फडकं सोडलं, माझा कान बघितला. सगळं ऐकून घेतलं.

"उत्तर येत असलं तरी सांगू नगंस," ती म्हणाली. "गिळून टाक. आपल्याला ते नाव बी नगं अन् ढेकळं बी नगं."

"पन मला येतंय, आई."

"येतंय तर येऊ दे. तोंडात ठिव."

मी तोंडात ठेवलं. गुरुजींनी विचारलं की मान हलवायची, उभी राहायची. अख्खा वर्ग उभा. मारायला कुणीच नाही. पहिले दोन दिवस गुरुजींना बरं वाटलं असावं, पोरांना तर वाटलंच. माझा मात्र जीव जळायचा. उत्तर येत असताना नाही म्हणून मान हलवायची, हे करून बघा एकदा. रात्री जेवण जायचं नाही. कोपरा रिकामा राहिला, तरी वसंताला कुणी ढ म्हणालं नाही. मला म्हणायला लागले. "हिचं डोस्कं आटलं, हिरीवानी," असं वसंताच म्हणाला. गुरुजी पण हसले.

आणि मग दिपोटी येणार असं कळलं. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतींना चुना लागला. जमीन सारवायला शेण मी आणलं, सारवलीही मीच, त्याचा विटाळ नव्हता कुणाला. सारवून झाल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आज बोल हं. वर्ग अडला तर तूच सांग. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

शाळेची अब्रू. माझी नाही, शाळेची. मी हात धुवायला पाणी आहे का विचारलं, ते म्हणाले मातीनं घास.

साहेब फटफटीवर आले. चष्मा, पांढरा सदरा, बोलायला मऊ. वाचन झालं, कविता झाली, भूगोल झाला. मग त्यांनी पोरं मोजली. म्हणाले, "एका सदऱ्याला अडीच मीटर कापड लागतं. तुम्ही अठरा जण आहात. सगळ्यांना सदरे शिवायचे तर किती कापड लागेल?"

पहिला उभा. दुसरा उभा. वसंता उभा राहिला आणि छताकडं बघायला लागला. प्रश्न माझ्याकडं यायला लागला तसं मला गुरुजींचं तोंड दिसलं. घामानं डबडबलेलं. सतरा पोरं उभी आणि सगळी वळून माझ्याकडं बघतायत. ज्यांनी ढेकळं मारली ती पण. वसंता पण. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच, सांग बाई एकदाचं.

त्या घडीला माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांचं माझ्यावाचून अडतंय. इतके दिवस मी समजत होते की खोट माझ्या हातात आहे, म्हणून मारता येत नाही, म्हणून नाव येत नाही. खोटबिट काही नव्हती. यांना माझ्या डोक्यातलं सगळं पाहिजे होतं, फक्त मी नको होते.

मी उभी राहिले.

"येतंय का, बाळ?" साहेबांनी विचारलं.

"येतंय."

"मग सांग."

"सांगते. पन आधी सांगा, मारनार कोन?"

साहेबांना कळेना. गुरुजी मध्येच काहीतरी बोलायला लागले, लहान आहे, घाबरली आहे. साहेबांनी हातानं थांबवलं. तेव्हा वसंताच बोलला, अगदी साध्या आवाजात, त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "मी मारतो, साहेब. तिनं नुसतं सांगायचं. तिचा इटाळ व्हतो."

साहेबांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. हे शहरातले, शिकलेले, सरकारचे.

साहेब म्हणाले, "हे बघा गुरुजी, पोरांनी पोरांना मारणं बरं नव्हे. आजपासून ही पद्धत बंद. कुणीच कुणाला मारायचं नाही. झालं?"

गुरुजी म्हणाले, "झालं, साहेब." त्यांचा जीव भांड्यात पडला.

झालं. वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत, सगळ्या गावची पोरं ती करत मोठी झाली. माझी पाळी आली आणि ती वाईट ठरली. विटाळावर एक शब्द नाही. माझ्या गोणपाटावर नाही. कोपऱ्यातल्या नावावर नाही. साहेबांना वाटलं असेल, आपण मोठा न्याय केला.

ते हसून माझ्याकडं वळले. "आता कुणी मारणार नाही. सांग बघू उत्तर."

"न्हाई."

"का गं?"

"न्हाई सांगनार."

साहेबांनी वहीत शेरा लिहिला. चौथीचे तोंडी गणित कच्चे. चहा घेतला आणि फटफटी चालू करून गेले. फटफटीचा आवाज विरायच्या आत गुरुजींनी छडी काढली. पाच छड्या. एकाच हातावर. माझ्या हाताला हात न लावता, लांबून. चौथ्या छडीला म्हणाले, "येत होतं ना तुला?"

"व्हय."

"मग आता तरी बोल."

"न्हाई."

मग पाचवी.

घरी आले तेव्हा आई कामावरून येऊन बसली होती. मी तळहात दाखवला नाही, पण भाकरी डाव्या हातानं मोडायला लागले तसं तिला समजलं. मी सांगितलं. मला वाटलं ओरडेल, म्हणेल तुला गप राहायला सांगितलं होतं. तिनं माझ्यापुढची भाकरी ओढून घेतली आणि मोडून दिली.

मग म्हणाली, "किती हुतं उत्तर?"

"पंचेचाळीस मीटर."

"आन् त्यांच्यात येकाला बी आलं न्हाई?"

"येकाला बी न्हाई."

तिनं माझा हात तिच्या हातात घेतला. तिच्या हाताला खडीनं घट्टे पडलेले, ते माझ्या वळांना टोचले. "मी तुला गिळाया सांगितलं," ती म्हणाली, "ते माझं चुकलं. उंद्या जा. काय करायचं ते तुझं तू कर." आईनं आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं तिचं चुकलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तोंडी गणित. गुरुजींनी मुद्दाम कालचाच प्रश्न घातला. रात्रीतून कुणाला आलं का ते बघायला. पहिला उभा, दुसरा उभा, वसंता उभा. प्रश्न माझ्यापाशी आला. मी उठले, पण गोणपाटावर थांबले नाही. रांगेच्या बाजूनं चालत पुढं गेले, फळ्यापर्यंत. पोरं अंग चोरून बाजूला झाली. होऊ दे.

गुरुजी म्हणाले, "जागेवर जा."

मी म्हणाले, "उत्तर मला येतंय. पन ते माझं हाय. आधी माझं नाव लिवा, मंग सांगते."

"शेफारलीस काय? छडी पाहिजे का परत?"

मी हात पुढं केला. सुजलेलाच पुढं केला. गुरुजींनी छडीकडं बघितलं, खडूकडं बघितलं, दाराबाहेर बघितलं, सरपंचाचं घर दिसतं तिकडं. खडू काही उचलला नाही त्यांनी. छडीही नाही. नुसतेच उभे राहिले.

वर्षभर त्यांनी ते नाव लिहिलं नाही. वर्षभर मी त्या वर्गात तोंडी उत्तर दिलं नाही. पेपरात मात्र सगळं लिहिलं, कारण पेपराच्या डोक्यावर माझं नाव मी माझ्या हातानं लिहीत होते. त्यानंतर हायस्कूल झालं, नोकरी झाली, आणि दर ठिकाणी कुणी ना कुणी मऊ आवाजात येऊन म्हणालं, तुम्ही नुसतं सांगा, पुढचं आम्ही बघतो. त्यांना मी जे सांगत आले ते त्या दिवशी फळ्यापाशी उभी राहून पहिल्यांदा सांगितलं होतं.

माझ्या अंगाला हात लावू नका, चालेल. मला तुमच्या हाताची गरज नाही. पण माझ्या डोक्यातलं पाहिजे असेल तर आधी सगळ्यांच्या देखत माझं नाव घ्या. तोवर मी बोलणार नाही. तुम्ही उभेच राहा.