गुरुवारची सही

दादामियाँ शेख माणूस म्हणून सोपे नव्हते, हे आधीच सांगून टाकते. उगाच गोडगोड लिहायची मला सवय नाही. हडपसरच्या आमच्या कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन, आणि मी ऑफिसात पर्सोनेलची क्लार्क. बारा वर्षांत त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द मी कधी ऐकला नाही. चहा बरा झाला असेल तर "गरम आहे" म्हणायचे, बस.

शिकाऊ उमेदवारांना शिकवायची त्यांची एक रीत होती. नवा पोरगा आला की त्याच्या हातात लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि कानस द्यायची. घासून घासून त्याचा चौकोनी ठोकळा करायचा. मग दादामियाँ फडक्यात गुंडाळलेला, काटकोन तपासायचा आपला गुण्या काढणार, ठोकळ्याला लावणार आणि खिडकीकडे धरणार. दोघांच्या मधून केसाएवढा जरी उजेड आला तरी ठोकळा परत. "उजेड दिसतोय. पुन्हा." कुणाला पंधरा दिवस लागत, कुणाला दोन महिने. तोवर ते त्याच्या वहीवर सही करत नसत.

ही वही म्हणजे सरकारी भानगड. उमेदवाराने रोज काय काम केलं ते तिच्यात लिहायचं आणि फोरमनने सही करायची. वहीवर सह्या नसतील तर वर्षअखेरच्या परीक्षेला बसता येत नाही.

सत्त्याण्णव साली ही रीत मोडली. बाहेरच्या देशांतून नवी यंत्रं आली, जुनी माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेली, आणि माणसं कमी पडायला लागली तेव्हा आमच्या मॅनेजरना शिकाऊ पोरांची आठवण झाली. कायद्याने ती घ्यावीच लागतात. म्हणून सहा घेतली आणि थेट पॅकिंगला बसवली! वर्षभर ती खोकी भरत होती. टूलरूमचा उंबरासुद्धा त्यांनी ओलांडला नाही.

त्यात एक मुलगी होती, मैत्री ओव्हाळ. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची. आयटीआयला फिटर झालेली. धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा आणि घरी हिला चिडवायचा, "ताई, कानस धरून कुणी मोठं झालंय का?" ही म्हणायची, "मी होणार." मला ती पोरगी फार आवडायची. आवडायची म्हणून मी काय केलं? काही नाही. वर्षभर तिला खोकी भरताना बघत होते, आणि दुपारी डब्यातली चटणी द्यायचे. लाज वाटते आता.

पुढच्या साली मार्चमध्ये एका सोमवारी पत्र आलं. शिकाऊ उमेदवारांची तपासणी करायला सरकारी अधिकारी शुक्रवारी येणार. मॅनेजरांचं धाबं दणाणलं. सहाही वह्या कोऱ्या. त्यांनी त्या माझ्या टेबलावर आपटल्या. "सुशीलाबाई, बुधवारपर्यंत वर्ष भरून द्या."

आणि मी भरलं. कानसकाम, ड्रिलिंग, लेथ, पुन्हा कानसकाम. तीन वेगळी पेनं वापरली, कुठे मुद्दाम चहाचा डाग पाडला. स्वतःच्या हुशारीवर खूश होते, अहो! बुधवारी संध्याकाळी मॅनेजर वह्या घेऊन टूलरूममध्ये गेले, मी मागे. मैत्रीला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

दादामियाँनी चष्मा लावला आणि मैत्रीची वही उघडली. एक पान, दुसरं पान, तिसरं. मग मान वर न करता म्हणाले, "सुशीलाबाई, गुरुवारी ड्रिलिंग केलंत का?"

चूक मला तेव्हा उमगली. आमच्या ऑफिसला सुट्टी रविवारची. कारखान्याला मात्र गुरुवारची, कारण त्या भागात गुरुवारी वीज बंद असते. मी ऑफिसच्या कॅलेंडरवरून वह्या भरल्या होत्या. वर्षभरातल्या प्रत्येक गुरुवारी मी सहा पोरांना विजेविना यंत्रं चालवायला लावली होती, आणि रविवारी, जेव्हा ती खरोखर राबत होती, तेव्हा सुट्टी दिली होती. बारा वर्षं त्याच आवारात काम करून कारखान्याचा वार माझ्या ध्यानात आला नव्हता.

"ते बदलता येईल," मॅनेजर म्हणाले. "सही करा. परीक्षा महिन्यावर आलीय. तुमच्या हट्टापायी हिचं वर्ष जाईल."

मैत्री पुढे आली. डोळे भरलेले, पण आवाज चढलेला. "करा ना सही, चाचा! तुमचं काय जातंय? घरी मी सगळ्यांना सांगून बसलेय."

दादामियाँनी वही मिटली. ड्रॉवरमधून लोखंडाचा तुकडा काढून टेबलावरच्या पकडीत आवळला आणि कानस तिच्यापुढे धरली. "परीक्षेत हेच देतील. कर."

वर्षभर खोक्यांना चिकटपट्टी लावलेले ते हात. कानस दोनदा घसरली, बोट सोललं. पंधरा मिनिटं पोरगी दात आवळून घासत होती आणि आम्ही दोघं मूर्खासारखे बघत होतो. दादामियाँनी गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरला. मधून नुसता उजेड नाही, पलीकडची चिंचेची फांदी दिसली.

"सही मी करीनही, बेटा," ते म्हणाले, "पण एवढी फट माझ्या सहीने बुजायची नाही."

मैत्रीने कानस टेबलावर टाकली आणि निघून गेली.

सह्यांविना वह्या उचलून बाहेर आल्यावर मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाले, "सह्या मीच करतो. म्हाताऱ्याला उद्या घरी निरोप द्या, शुक्रवारी रजेवर राहायचं. आजारी म्हणून लिहून ठेवा."

गुरुवारचा सगळा दिवस मी ऑफिसात फोनकडे बघत काढला. घोरपडे पेठेत दादामियाँच्या घराशेजारच्या दुकानात फोन होता, नंबर माझ्याकडे होता. मॅनेजरांनी दोनदा विचारलं, "दिलात निरोप?" मी दोनदा "हो" म्हटलं. निरोप दिला नाही. शौर्य वगैरे काही नाही हो, हात फोनकडे जाईना एवढंच. रात्रभर धायरीच्या घरात मी आढ्याकडे बघत पडले होते. नोकरी गेली तर काय, हा एकच विचार.

शुक्रवारी अधिकारी आले. सुकलेले, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. मॅनेजर त्यांना फराळाला बसवत होते, ते सरळ टूलरूमकडे निघाले. तिथे दाखवण्यापुरती आणून उभी केलेली सहाही पोरं, आणि त्यांच्याजवळ दादामियाँ हजर! मॅनेजरांनी माझ्याकडे वळून पाहिलं; मी वह्या अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या.

अधिकाऱ्यांनी मैत्रीची वही चाळली. "फोरमन तुम्ही ना? मग यावर सही मॅनेजरांची का?"

"काम माझ्यासमोर झालं नाही, साहेब."

"मग कुठे झालं?"

दादामियाँनी गुण्या फडक्यात गुंडाळायला घेतला. अधिकारी मैत्रीकडे वळले. "मुली, तू सांग. वर्षभर काय केलंस?"

तिने फक्त "हेच केलं" म्हणायचं होतं, आणि परीक्षा पदरात होती. तिने आधी दादामियाँकडे पाहिलं, रागानेच. मग स्वतःच्या सोललेल्या बोटाकडे.

"खोकी भरली, सर," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. "कायदा आम्हाला पोरं किती घेतली ते मोजायला लावतो," ते म्हणाले. "शिकवलं किती, ते ही वही सांगते. आणि वही भरतात तुमच्यासारखे." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. बरोबरच होतं. एप्रिलची परीक्षा सहाही जणांची गेली. कंपनीने त्यांना आणखी सहा महिने विद्यावेतन देऊन टूलरूममध्येच शिकवायचं आणि ऑक्टोबरला बसवायचं, असा लेखी हुकूम झाला.

मॅनेजरांनी हिशोब चुकता केला. दादामियाँच्या स्वेच्छानिवृत्तीचा कागद मलाच टाइप करावा लागला. निवृत्तीला अजून दोन वर्षं असताना एप्रिलअखेर बाहेर! सहा महिन्यांचं शिक्षण आणि हातात पाच आठवडे.

कागद घेऊन गेले तर मला रडूच फुटलं. ते म्हणाले, "रडता काय? गुरुवारी गेट उघडून मिळेल का बघा. कानशीला वीज लागत नाही."

किल्ली मी मिळवली. पाच गुरुवार सहाही पोरं सुट्टीच्या दिवशी आली. बंद यंत्रांच्या मधोमध, खिडकीच्या उजेडात कानशी चालायच्या. मैत्री पहिले दोन गुरुवार दादामियाँशी एक शब्द बोलली नाही. ठोकळा पुढे करायची, "उजेड दिसतोय" ऐकायची, परत जायची. तिसऱ्या गुरुवारी तिने विचारलं, "चाचा, कोपर कुठे ठेवू?"

शेवटच्या गुरुवारी तिने ठोकळा दिला. दादामियाँनी गुण्या लावला, खिडकीकडे धरला. फिरवला. सहाही बाजू पाहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, पुन्हा.

"वही," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी दिलेली नवी वही मी उघडली. तारीख घातली. कामाच्या रकान्यात लिहिलं, कानसकाम. वाराच्या रकान्याशी माझं पेन अडलं. मी लिहिलं, गुरुवार.

दादामियाँनी चष्मा लावून ओळ पुन्हा वाचली, आणि सही केली.