तान्ह्या पोळ्यातला पोत्याचा रेनकोट

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्याइतकी शहाणी बाई अख्ख्या वडनेरात नाही, असं मला वाटायचं. कधीपर्यंत? त्या तान्ह्या पोळ्यापर्यंत!

आमच्याकडे म्हणतात, 'पोळा अन् पाऊस झाला भोळा.' म्हणजे पोळ्यानंतर पावसाचा जोर संपला. पण आताच्या पावसाला म्हणी कुठं पाठ असतात? आदल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघाली, तेव्हा मी आमच्या बबलूला पातळ झब्ब्यात पाठवलं. असा कोसळला मेला पाऊस! पोरगं आठ दिवस तापानं फणफणलं.

म्हणून यंदा मी तयारीत. बबलूनं हौसेनं मावळ्याचा पोशाख केला होता, वेशभूषेच्या बक्षिसासाठी. त्यावर मी चढवला स्वेटर. डोक्याला कानटोपी. वरून युरियाच्या पांढऱ्या पोत्याचा शिवलेला रेनकोट. पायांना प्लास्टिकच्या पिशव्या. पाठीवर दप्तर, त्यात कोरडे कपडे. मावळ्याचे नुसते डोळे दिसत होते!

आणि ऊन कसं? पापड वाळले असते!

"अवो, पोट्ट्याले शिजवून राह्यली का तू?" सासूबाई ओरडल्या.

"आभाळाचा भरोसा नाई आता," मी म्हटलं.

"आई, मले बक्षीस भेटन ना?" कानटोपीतून आवाज आला.

"पयले तब्येत. बक्षीस मंग पाहू."

देवळापुढं पोरांची रांग लागली. नंबर काढणारे गुरुजी बबलूपाशी थांबले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"काय रे, अंतराळवीर झाला काय?"

बबलूनं मान हलवली. मला वाटलं, उन्हानं पोराची मान लटपटली! कपाळाला हात लावते तर भट्टी!

तेवढ्यात भोंग्यावर गुरुजी गरजले, "वेशभूषेत पयला नंबर, आपला अंतराळवीर! पाठीवर हवेची टाकी सुद्धा हाय!"

टाळ्याच टाळ्या. आता माणसानं गप बसावं की नाही? पण मला वाटलं, चारचौघांत माझी थट्टाच चालली आहे. गेले तरातरा पुढं.

"कायचा अंतराळवीर, गुरुजी? युरियाचं पोतं हाय ते! अन् टाकी कायची? दप्तर हाय! त्यात त्याची चड्डी-बनियन हाय, दाखवू?"

आणि दाखवली की हो! सगळ्या गावासमोर!

गुरुजींच्या हातातली बक्षिसाची वॉटरबॅग तिथंच थांबली. "म्हणजे हे सोंग नोहोतंच, बाई?"

"नाई जी! पाऊस येईन म्हणून घातलं!"

वॉटरबॅग गेली शेजारच्या झाशीच्या राणीकडे.

मी बबलूला झाडाखाली नेऊन एकेक कपडा सोलला, पदरानं वारा घातला. पाच मिनिटांत अंग गार! कसला ताप अन् कसलं काय. पण रडणं थांबेना.

"रडू नको राजा. गुरुजीचा गैरसमज झालता."

नाक पुसत माझं पाच वर्षांचं पोरगं म्हणालं, "त्याईनं इचारलं, तं मी हो म्हणून मान हलवली होती ना! तू काऊन बोलली वो मधात?"