दगडी पाल्याचं नाव

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत कुणाला खरचटलं, कापलं की माणसं आधी कडूबाईचं दार गाठत. मागच्या मोकळ्या प्लॉटवरून ती मूठभर पाला आणायची, धुऊन तळहातावर चोळायची आणि रस जखमेवर पिळायची. थोड्या वेळात रक्त थांबायचं. पाला कसला, हे मात्र विचारायचं नाही. नाव सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण जातो, असं तिची आई म्हणायची. गुण गेला तर आपल्या दारात कोण येणार, ही कडूबाईची खरी धास्ती. माणसांची तिला भारी हौस.

परवा विळीवर भोपळा चिरताना तिचाच अंगठा कापला. गुडघ्यांनी तर आठवडाभर संपच पुकारलेला. सून विशाखा फडकं घेऊन धावली.

"आत्या, पाला कोणता ते सांगा, मी आणते."

"कुंपणाच्या कडंला बघ. बारीक फूल, पान खरबरीत."

विशाखानं ओंजळभर गाजरगवत आणून पुढ्यात ठेवलं.

"अगं, हे लावलं तर अंगभर खाज सुटंल मला."

"मग नाव सांगा. नाय तर दवाखान्यात चला."

फडकं लाल होत चाललेलं. कडूबाईनं डोळे मिटले. "दगडी पाला," ती पुटपुटली.

"एवढंच व्हय? आमच्या सिल्लोडला बांधाबांधावर हाय की."

इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट बांधाबांधावर उगवते, हे ऐकून कडूबाईला अंगठ्यापेक्षा जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षावाला बद्रीनाथ नडगी सोलून घेऊन आला. कडूबाईनं हात मागं घेतले. "माझ्या हाताला आता गुण नाय. सुनंकडं जा."

विशाखानं जखम धुतली, पाला चोळला, रस पिळला. रक्त थांबलं. बद्रीनाथ मात्र उठेना. कडूबाईशेजारी पाय लांब करून तो सिडकोतल्या खड्ड्यांना शिव्या देत बसला, दोन कप चहा प्याला आणि उद्या दाखवायला येतो म्हणाला.

तो गेल्यावर कडूबाई बराच वेळ गालात हसत होती. मग तिनं हाक मारली, "विशाखा, जरा बस इथं. भाजल्यावर काय लावायचं, त्याचं बी नाव सांगते."