एका कॉम्प्युटरमधली दोन बिऱ्हाडं

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझा नवरा अमेरिकेत होता. जुन्या प्रोग्रॅम्समध्ये वर्ष दोन आकडी लिहिलेलं असायचं, ते चार आकडी करून द्यायला तेव्हा बेंगळुरातून विमानं भरभरून माणसं जात होती. त्यातलाच तो एक. घरी मी आणि माझे सासरे. मी पुण्याची. सासरे मराठी खरे, पण पक्के बेंगळुरी. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्यांचं अर्धं बोलणं मी अंदाजानंच समजून घेतलं. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागले. शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते.

मी घरबसल्या जर्मनमधून इंग्रजीत भाषांतरं करायचे. बेंगळुराजवळ आनेकलच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात जर्मनीहून ग्राइंडिंगचं मशीन येऊन पडलं होतं आणि त्याचं जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर होतं. ते इंग्रजीत आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, असं मालकांनी कामगारांना बजावलं होतं. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शब्दाला शब्द लावत मी पुढे सरकत होते.

अडचण होती ती कॉम्प्युटरची. तो नवऱ्यानं सुटे भाग आणून स्वतः जोडला होता आणि त्यात दोन सिस्टीम घातल्या होत्या: माझ्या कामासाठी विंडोज आणि त्याच्या हौसेसाठी लिनक्स. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर विचारणा यायची, कुठली हवी? तेवढ्यात आपण विंडोजचं नाव टाइप केलं तर ठीक. नाही केलं तर तो आपला आपण लिनक्समध्ये शिरायचा. नवरा असेपर्यंत यात काही वावगं नव्हतं. तो गेला आणि आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा वीज जायला लागली. एका दुपारी मी उत्तर द्यायला चुकले, लिनक्स उघडायला लागली, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. त्यानंतर लिनक्स धड उघडेना. नुसत्या ओळीच्या ओळी वर सरकायच्या आणि शेवटी ‘पॅनिक’ असा शब्द येऊन सगळं थिजायचं.

अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तो शब्द मोठ्यानं वाचला.

“कोण घाबरलंय?”

“कॉम्प्युटर घाबरलाय म्हणे.”

“कशाला?”

मी तो बंद करून पुन्हा चालू केला.

मग असं व्हायला लागलं: वीज जायची, वीज यायची, मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत तो उत्तराची वाट न बघता बिघडलेल्या बाजूला गेलेला असायचा, आणि पुन्हा बंद करून चालू करावा लागायचा. त्यात डिस्कही भरत आली होती. नवऱ्याचा रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी स्पष्टच विचारलं, “ते तुझं लिनक्स काढून टाकू का?”

“टाक ना. मी आल्यावर परत घालीन.” त्याचा आवाज उशिरा पोचायचा आणि माझाच आवाज मला परत ऐकू यायचा. “विंडोजची स्टार्टअप फ्लॉपी घाल. एफडिस्क चालव. त्यात लिनक्सचं पार्टिशन काढ. पण आधी...”

“आधी काय?”

“...एमबीआर... नाहीतर मग...”

“काय म्हणालास? कशाच्या आधी?”

“...त्याच्या आधी. कळलं ना?”

फोन कटला. तो त्या दिवशी दुसऱ्या शहरात जाणार होता आणि तिथला नंबर अजून मिळाला नव्हता. ‘आधी’ एवढा एकच शब्द माझ्याकडे उरला. आधी काय करायचं, आणि ते कशाच्या आधी, याचा पत्ता नव्हता.

थांबायला हवं होतं, पण पुस्तक द्यायची तारीख अंगावर आली होती. भाषांतराची फाइल फ्लॉपीवर उतरवली, ती फ्लॉपी पुन्हा उघडून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ-चहा उरकून आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. एफडिस्क उघडलं. डिस्कचे तुकडे, म्हणजे पार्टिशनं, तिथे रांगेत मांडलेले होते. मला दोन अपेक्षित होते, एक विंडोजचा, एक लिनक्सचा. दिसत होते तीन. पहिला विंडोजचा, हे नीट कळत होतं. खालच्या दोघांपुढे मात्र सारखंच लिहिलेलं, की हे आमच्यातले नव्हेत.

“सिस्टीम दोन, तुकडे तीन,” मी म्हटलं. “लिनक्सचा कुठला?”

अण्णांनी पडदा निरखला. “एका माणसाची दोन घरं असतात की. थोरलं गावात, धाकटं मळ्यात.” मग ते म्हणाले, “दोन्ही आपले नव्हेत म्हणतंय ना? मग आपलं राखून ठेव. बाकीचं जाऊ दे.”

हा विचार मला पटला, कारण दुसरा कुठलाही विचार माझ्याकडे नव्हता. एक तुकडा काढला. खात्री आहे का, असं एफडिस्कनं विचारलं. खात्री मुळीच नव्हती; मी ‘हो’चं बटण दाबलं. मग दुसरा काढला. फ्लॉपी बाहेर घेऊन कॉम्प्युटर चालू केला, आणि काळ्या पडद्यावर नेहमीची विचारणा आली: कुठली हवी, विंडोज की लिनक्स?

मी पडद्याकडे बघतच राहिले. आत्ता माझ्या हातानं काढून टाकलेल्या सिस्टीमचं नाव तिथे शाबूत होतं.

“गेलं नाही का?” अण्णांनी विचारलं.

“गेलंय. यादीतून गेलंय.”

“मग विचारतंय कोण?”

हा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. मी समजत होते की कॉम्प्युटर विचारतो. पण कॉम्प्युटर म्हणजे कोण? विंडोज अजून उघडलेली नसते, लिनक्स नुकतीच गेलेली. मग दारातच उभं राहून कुणाकडे जायचंय म्हणून विचारणारा हा तिसरा कुठून आला, आणि तो राहतो कुठे? मी एफडिस्क पुन्हा उघडून पाहिलं. यादीत विंडोज एकटीच होती, खाली मोकळी जागा. विंडोजचं नाव टाइप केलं तर ती गुपचूप उघडत होती. म्हणजे सगळं ठीक होतं, फक्त ते का ठीक आहे हे कळत नव्हतं.

तेवढ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं. पण जागेसाठी तर सगळा खटाटोप होता. मी त्या मोकळ्या जागेचा नवा ड्राइव्ह केला आणि तो फॉरमॅट केला. आकडा शंभरापर्यंत हळूहळू चढला. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. डाव्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं उमटली, एल आणि आय. पुढे काही नाही. विचारणा नाही, विंडोज नाही, घाबरल्याचा निरोपसुद्धा नाही.

अण्णांनी वाट पाहिली. “ली,” ते म्हणाले. “पुढं?”

“पुढं काही नाही.”

फ्लॉपी घालून चालू केलं आणि सी ड्राइव्हची यादी मागितली, तर माझं सगळं जागच्या जागी होतं. भाषांतराची फाइल होती, तारखेसकट. फ्लॉपी काढली की पुन्हा ती दोन अक्षरं. सारखं घालून-काढून पाहिलं. दर वेळी वाटायचं, आता काहीतरी वेगळं होईल. दुपारी जेवण अर्धं टाकून मी पुन्हा कॉम्प्युटरकडे निघाले तेव्हा अण्णा म्हणाले, “बस की आता. चल, दुकानात जाऊन विचारू.”

बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे एक कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही गेलो. दुकानदारानं तो जोडला, ती दोन अक्षरं पाहिली आणि हिंदीत सांगितलं की व्हायरस आहे, सगळी डिस्क पुसावी लागेल. मी म्हटलं, फाइली दिसतायत. तो म्हणाला, दिसतील, पण खराब झाल्या असतील. मी म्हटलं, मी दोन तुकडे काढले, त्यामुळे झालं असेल. त्यावर तो म्हणाला, मग तुम्हीच काढला असेल विंडोजचा तुकडा. व्हायरस आणि माझी चूक या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. मान डोलवायच्या बेतात होते, तेवढ्यात अण्णा पुढे झाले.

“स्वल्प थांबा,” ते म्हणाले. पुढचं सगळं कन्नडमध्ये. दुकानदारही हिंदी सोडून कन्नडमध्ये आला. मला तुटक तुटक कळलं. अण्णा विचारत होते, पुसल्यावर चालू होईल हे नक्की का? नक्की. का बिघडलं ते नक्की का? ते सांगता येत नाही. “सरी,” म्हणजे ठीक आहे, असं अण्णा म्हणाले आणि डबा उचलायला वाकले.

बाहेर आल्यावर मी चिडले. “अण्णा, त्याला यातलं कळतं. आपल्याला नाही कळत.”

“त्यालाही कळत नाही,” ते म्हणाले. “पण आपल्याला घाई नाही. त्याला आहे.”

मला घाई होती, पण डबा त्यांच्या हातात होता.

पुढचे दोन दिवस मी हातानं कागदावर भाषांतर केलं, आणि तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली. जर्मन पुस्तकात एक वाक्य होतं: दगडाचे चाक उतरवावे, तत्पूर्वी दाब सोडून द्यावा. मी ते त्याच क्रमानं इंग्रजीत उतरवलं होतं. तशी वाक्यं पानोपानी होती. व्याकरणात कुठेही खोट नव्हती. पण आता ते वाचताना मी पेन खाली ठेवलं. चाक उतरवा इथपर्यंत वाचून कुणी पाना लावला, तर पुढच्या ‘तत्पूर्वी’चा त्याला काय उपयोग?

नवऱ्याचा फोन आला तो तिसऱ्या दिवशी. सगळं सांगितल्यावर तो हसला.

“मी म्हटलं होतं ना, आधी एमबीआर कर म्हणून.”

“तू ‘आधी’ म्हणालास, मग काहीतरी म्हणालास, मग ‘त्याच्या आधी’ म्हणालास. कशाच्या आधी?”

“काढायच्या आधी!”

“मग आधी तेच का नाही सांगितलंस? मग काढायचं सांगायचं!”

मग त्यानं एक ओळ अक्षर-अक्षर सांगितली. फ्लॉपी घालून मी ती टाइप केली. काहीच झालं नाही. ना आकडा चढला, ना खात्री विचारली. पुढची रिकामी ओळ आली आणि टिकटिकत राहिली.

“काही झालं नाही,” मी म्हटलं.

“झालं.”

“अरे, काही दिसलं नाही.”

“दिसत नाहीच. फ्लॉपी काढ आणि चालू कर.”

अण्णा पाठीमागे उभे होते. मी फ्लॉपी काढली. पडदा काळा झाला, आणि कुणी काहीही न विचारता विंडोज सरळ उघडली. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी फोनमध्ये ‘झालं’ म्हणाले, पण काय झालं हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नवऱ्यानं समजावून दिलं, की डिस्कच्या अगदी आरंभी एमबीआर नावाची एक छोटी जागा असते, त्या विचारणाऱ्याचा अर्धा भाग तिथे होता आणि उरलेला मी पुसलेल्या तुकड्यात; म्हणून त्याचं नावही अर्धंच उमटत होतं, आणि आत्ताच्या ओळीनं तो अर्धा भागही गेला. मी ‘हं, हं’ करत ऐकलं. त्यातलं निम्मं आज लिहिताना कळतंय, निम्मं अजूनही नाही.

त्यानंतर मी आख्खं भाषांतर पुन्हा धुंडाळलं आणि ‘तत्पूर्वी’वाली सगळी वाक्यं मोडली. जे आधी करायचं ते आधी लिहिलं. छापील प्रत आणि जर्मन पुस्तक घेऊन आनेकलच्या बसनं कारखान्यात गेले. मालक दोन्हीकडची पानं आकड्यांवरून ताडून पाहत म्हणाले, “मॅडम, मूळ पुस्तकात क्रम वेगळा दिसतो.”

“वाक्यांचा वेगळा आहे. कामाचा तोच आहे.”

“पण बदललात का? ते लोक चुकले म्हणता?”

“चुकले नाहीत. पण माणूस वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. मध्येच हात घालतो.”

“हे तुम्हाला काय माहीत?”

“मी घातला होता,” मी म्हटलं.

मशीनवर काम करणारे दोघं जण आणि सुपरवायझर आले. सुपरवायझर माझं इंग्रजी वाचून कन्नडमध्ये सांगायचा आणि त्यातला मोठा कामगार मशीनच्या त्या त्या भागावर नुसतं बोट ठेवायचा. बरीच पानं बिनबोभाट गेली. मग एके ठिकाणी बोट हवेत अडलं. मी एका पानावर ‘कव्हर’ लिहिलं होतं आणि पुढच्या पानावर ‘गार्ड’. हे दोन आहेत की एकच? सुपरवायझरनं माझ्याकडे पाहिलं. मी जर्मन पुस्तकात पाहिलं. तिथेही शब्द दोन होते. मशीनला झाकण एकच दिसत होतं, पण आत आणखी एखादं असेल तर?

“उघडून बघू या,” मी म्हटलं.

मालकांनी आधी वीज बंद करायला लावली. मग चौघांनी मिळून झाकण उचललं आणि मी साडीचा पदर सावरत आत वाकून पाहिलं. आत झाकण नव्हतं. एकच होतं. मी तिथेच उभ्या उभ्या पेननं सगळीकडचं ‘गार्ड’ खोडून ‘कव्हर’ केलं, आणि पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात झाली.