पेशंटचं डावं

माझ्या मामाला कुणी रस्ता सांगताना "पुढे डावीकडे वळा" म्हटलं, की तो विचारायचा, "कुणाच्या डावीकडे?" आई वैतागायची. "तुझ्या सासऱ्याच्या!" म्हणायची. मामाचं लग्नच झालेलं नव्हतं.

तेहतीस वर्षं तो एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढत होता. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरतात तेव्हा पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं मानतात. म्हणजे पेशंटचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ उडतो, आणि हा गोंधळ कधीकधी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जातो. मामाचा कधी उडाला नाही. "डावं म्हणजे पेशंटचं डावं," तो शिकाऊ मुलींना सांगायचा. "तुमचं डावं घरी ठेवून यायचं."

लोक एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून त्याच्या मित्राने त्याचं नाव फोटो पाडलं होतं. हा मित्र म्हणजे किल्लीकाका. बाजारात त्यांचं कुलूप-किल्लीचं दुकान. तिजोरी अडली, किल्ली हरवली, की अर्धं शहर त्यांच्याकडे यायचं. दोघांची ओळख कशी झाली ते मला नक्की माहीत नाही. पण अकरा वर्षं दर रविवारी सकाळी हे दोघे सिमेंटच्या पाइपांच्या बंद कारखान्यामागच्या मैदानावर रिमोटची विमानं उडवायचे. विकत आणलेली खेळणी नव्हेत. हलक्या लाकडाच्या फासळ्या कापायच्या, चिकटवायच्या, त्यावर रंगीत प्लॅस्टिकचा पातळ कागद छोट्या इस्त्रीने ताणून बसवायचा. आई एकदा त्याच्याकडे गेली आणि दारातच हात जोडून उभी राहिली. "शर्टाला इस्त्री नाही, आणि विमानाला आहे!"

"शर्ट उडत नाही ना, ताई," मामा म्हणाला.

रिमोटच्या विमानात एक मेख असते. विमान तुमच्यापासून लांब जात असेल तर सगळं सरळ असतं. रिमोटवरची काडी डावीकडे नेली की ते डावीकडे कलतं. पण तेच तुमच्याकडे येऊ लागलं, की त्याचं डावं तुमच्या उजवीकडे येतं, आणि शिकणारा माणूस नेमका तिथे माती खातो. मामाने पहिल्या दिवसापासून एकदाही खाल्ली नाही. समोरून येणारं विमान म्हणजे त्याच्या दृष्टीने तोंड करून उभा असलेला पेशंट. किल्लीकाकांची बोटं जास्त चांगली होती, उतरवायला तर त्यांच्यासारखा हात नव्हता. पण डाव्या-उजव्याचा प्रश्न आला की ते म्हणायचे, "फोटोला विचारा. तो सुप्रीम कोर्ट आहे."

मामा रिटायर झाला, त्याच्या आधी दोन वर्षं दोघे मिळून एक मोठं विमान बांधत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख अडीच मीटरचा. तो मामाच्या पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला असायचा, त्यामुळे कपाटाचं एकच दार उघडायचं. रिटायर झाल्यावर तीन महिन्यांनी ते पूर्ण झालं. पहिलं उड्डाण किल्लीकाकांनी करायचं ठरलं. मामानेच ठरवलं. "हात तुझे बरे आहेत," तो म्हणाला होता.

उडवण्याआधी एक तपासणी असते. एकाने रिमोट घेऊन तीस पावलं लांब जायचं, सिग्नल पोचतोय का बघायचं. दुसऱ्याने विमानापाशी उभं राहून काय हलतंय ते ओरडून सांगायचं. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या दोन पट्ट्या असतात. काडी डावीकडे नेली की डावी पट्टी वर उठली पाहिजे. तीस पावलांवरून बोटभर रुंदीची पट्टी दिसत नाही. ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवायचा.

मामा विमानाच्या नाकासमोर उभा होता. किल्लीकाकांनी लांबून विचारलं, "डावं देतोय! काय?"

"डावी वर! बरोबर!" मामा ओरडला.

विमान झाडाच्या उंचीवर गेलं. वाऱ्याने जरा डावीकडे कललं. किल्लीकाकांनी उजवं दिलं. ते आणखी डावीकडे कललं. त्यांनी आणखी उजवं दिलं. विमान उताणं झालं आणि नाकावर जमिनीत घुसलं. सगळं मिळून तीन सेकंद. एक पंख मोडला, दुसरा कसा कोण जाणे, शाबूत राहिला.

किल्लीकाका रिमोट गळ्यात तसाच ठेवून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "मी उजवं देतोय असं वाटलं रे," ते म्हणाले. "हात ऐकेनात. वय झालं."

"वाऱ्याचा झोत असेल," मामा म्हणाला. त्याला तेव्हा खरंच तसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्याने वाचलेला पंख टेबलावर घेतला, तारा-बॅटरीची जुळणी केली, त्याच्याकडेच असलेला मोठ्या विमानाचा रिमोट चालू केला आणि पंखाच्या मागे उभं राहून काडी उजवीकडे नेली. उजवी पट्टी वर उठायला हवी होती, ती खाली गेली. पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी या वेळी दुसऱ्या बाजूने बसवल्या होत्या, म्हणून रिमोटमधली दिशा उलटी करायला हवी होती. ती दोघेही विसरले होते. असं होतं. तपासणी असते ती त्यासाठीच. आणि तपासणीत "डावी वर" असं मामा ओरडला होता. नाकासमोर उभं राहून. वर गेली होती ती त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताकडची पट्टी. विमानाची उजवी.

मला त्याने हे सगळं सांगितलं ते फार पुढे. तेव्हा म्हणाला, "तीन महिने झाले होते ना घरी बसून. माझं डावं परत माझं झालं होतं. मला कळलंच नाही कधी."

त्या दिवशी तो तसाच उठून दुकानात गेला. किल्लीकाकांसमोर दोन गिऱ्हाइकं होती आणि काका त्यांना हसत हसत सांगत होते, "अहो, दोन वर्षं बांधलेलं तीन सेकंदांत पाडलं मी! या हातांनी!" गिऱ्हाइकं हसली. मामा खरं सांगायलाच आला होता. एक किल्ली करून घ्यायला आलोय असं म्हणून त्याने खिशातून घराची किल्ली काढून दिली. तशी एक जादा किल्ली त्याच्याकडे होतीच. आता दोन झाल्या.

आज नाही उद्या, या रविवारी नाही पुढच्या, असं करत राहिलं. मग रविवारी किल्लीकाका यायचेच बंद झाले. आधी गुडघा, मग पाहुणे, मग काहीच कारण नाही. त्यांनी आपला छोट्या विमानाचा रिमोटही कुणाला तरी देऊन टाकला.

मामा एकटाच जाऊ लागला, जुनं छोटं विमान घेऊन. इंजिन सुरू करताना शेपूट धरायला दुसरा माणूस लागतो. त्याने जमिनीत खुंटी ठोकली आणि शेपूट दोरीने बांधायला सुरुवात केली. विमान खाली आणताना "उतरतोय!" असं ओरडायचं असतं, म्हणजे धावपट्टीवरचे लोक बाजूला होतात. धावपट्टीवर कुणी नसायचं. तरी तो ओरडायचा. एकदा मी फोन केला तेव्हा तो मैदानावरच होता, आणि फोन कानाला असताना त्याने घसा साफ केला. माझ्या लक्षात आलं, सकाळपासून तो पहिल्यांदाच कुणाशी बोलत होता.

"कुणी आहे का बरोबर?" मी विचारलं.

"वारा आहे," तो म्हणाला. "जरा जास्तच आहे."

आई फोन ठेवल्यावर म्हणायची, "तुझा मामा हाडं बघून बघून हाडाचा एकटा झालाय."

सव्वा वर्षाने एके दुपारी किल्लीकाकांच्या पत्नी, मामाच्या वहिनी, मामाकडे आल्या. हातात दवाखान्याचं मोठं पाकीट.

"भाऊजी, जरा बघता का? ह्यांच्या हाताचा फोटो आहे."

"मी डॉक्टर नाही हो, वहिनी."

"डॉक्टरांनी बघितलाय. काही नाही म्हणतात. पण हे ऐकत नाहीत. हात गेला म्हणतात. सहा महिने झाले, तिजोरीचं काम घेत नाहीत. परवा तर साध्या कुलपाला गिऱ्हाईक परत पाठवलं. आता दुकानच देऊन टाकू म्हणतात. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

मामाने फिल्म खिडकीशी धरली. हाताची सत्तावीस हाडं, एकेक जागच्या जागी. सांध्यांमधल्या फटी स्वच्छ. या वयाला इतका चांगला हात त्याने थोडाच बघितला होता. त्याने फिल्म पाकिटात परत सरकवली.

"हाडं उत्तम आहेत," तो म्हणाला. "मी उद्या येतो दुकानात."

त्या दुकानाची लांबी-रुंदी मला माहीत आहे, चार बाय नऊ फूट. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, काउंटरवर घासायचं यंत्र. सकाळी मामा गेला तेव्हा किल्लीकाका नुसतेच बसले होते. मामाने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तपासणीत मी चुकलो. पट्टी उलटी हलत होती. मी माझं डावं सांगितलं.

किल्लीकाका आधी हसले. "तू? डाव्या-उजव्यात? माझी बायको भेटली वाटतं तुला. तिने पाठवलंय ना?"

"भेटली. पण हे खरं आहे."

"अरे फोटो, माझं मन राखायला खोटं बोलू नकोस. सूर्य चुकेल, तू चुकणार नाहीस."

हे मामाला अपेक्षित नव्हतं. रात्रभर त्याने सगळी उत्तरं तयार केली होती. राग आला तर काय, रडले तर काय. विश्वासच बसला नाही तर काय, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो घरी परत गेला, शाबूत पंख चादरीत गुंडाळला, तोच रिमोट घेतला आणि सव्वा मीटरचं ते बोचकं छातीशी धरून भर बाजारातून दुकानात आला. पंख काउंटरवर ठेवला. तो यंत्रावरून पार बाहेर आला, गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा राहिली नाही.

"त्या दिवसानंतर काही बदललेलं नाही," तो म्हणाला. "हा उजवा पंख. मागे उभा राहा. उजवं दे."

किल्लीकाकांनी काडी हलवली. पट्टी खाली गेली. पुन्हा हलवली. पुन्हा खाली. चार-पाच वेळा त्यांनी तेच केलं. मोटर बारीक किरकिरत होती. मग त्यांनी रिमोट अगदी हळू काउंटरवर ठेवला.

"म्हणजे मी उजवंच देत होतो."

"हो."

"केव्हा कळलं तुला?"

मामा म्हणाला, "तिसऱ्या दिवशी."

"कुठल्या?"

"पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी."

बाहेरून एकाने कुलूप दुरुस्त होईल का म्हणून विचारलं. किल्लीकाकांनी त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

"विमानाचं काही नाही रे," ते म्हणाले. "विमानं पडतात. डावं-उजवं कुणाचंही होतं. पण तू किल्ली करायला आला होतास. मी तुला करून दिली. करताना हात कापत होता माझा, आणि तू बघत होतास." मग पंखाकडे बोट दाखवून म्हणाले, "ने ते. कुलूपवाल्याला उभं राहायला जागा नाही."

मामाने पंख पुन्हा चादरीत बांधला. बाहेर पडताना त्याने मागे वळून पाहिलं. किल्लीकाकांनी त्या माणसाचं कुलूप हातात घेतलं होतं आणि डोळ्याला भिंग लावत होते.

दुकान गेलं नाही. तिजोरीची कामं पुन्हा सुरू झाली, हे वहिनींनी आईला सांगितलं. महिन्याभरात काकांनी नवा रिमोट घेतला आणि रविवारी ते मैदानावर दिसू लागले. मामाला ते पहिल्या रविवारी लांबूनच दिसले, कारखान्याच्या भिंतीपाशी. तो सायकल वळवून घरी आला. तेव्हापासून तो बुधवारी जातो.

"अरे, नुसता जाऊन उभा तर राहा ना," मी त्याला म्हटलं. "काय होईल फार तर? बोलणार नाहीत."

"बोलेल तो. चांगला माणूस आहे," मामा म्हणाला. "पण उडवताना मागे कोण उभंय याचा विचार त्याला करावा लागू नये."

गेल्या बुधवारी त्याचाच फोन आला, सकाळी आठला. तो स्वतःहून फोन करत नाही, म्हणून मला काळजी वाटली.

"काही नाही गं. इथे मातीवर चाकांच्या खुणा आहेत, रविवारच्या. अजून पुसल्या नाहीत." तो वाकून बघत असावा, आवाज कोंडल्यासारखा येत होता. "पहिल्यांदा टेकलं तिथे एक उडी मारलीय. बारीकशी. मग दोन्ही रेघा शेवटपर्यंत सरळ. रेघांत हातभर अंतर आहे, म्हणजे त्याचं विमान मोठं आहे. एवढ्या मोठ्या विमानाची इतकी सरळ रेघ मला कधी नाही काढता आली."

"मग सांग ना त्यांना."

"त्याला माहीत आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं फोन कटला, म्हणून मी दोनदा हाक मारली.

"आहे, आहे," मामा म्हणाला. "रेघ पावलांनी मोजतोय. चव्वेचाळीस झाली."